फाल्गुन-चैत्रातली गॅलरी: आधी बघा, मग हात लावा (ठाणे / नवी मुंबई)

खाडीकाठ

होळीच्या आसपास नर्सऱ्यांत गर्दी वाढते आणि घरोघरी गॅलरीत कापाकापी सुरू होते. माती बदल, कुंडी मोठी कर, खत घाल, छाटणी कर, सगळं एकाच रविवारी उरकायचं. आठवड्याभरात झाड मान टाकतं आणि 'उन्हाळा बाधला' असं निदान होतं. बाधलेला असतो तो रविवार.

किनारपट्टीवर पानगळ आणि पालवी यांच्यात फार अंतर नसतं. पिंपळाची जुनी पानं खाली पडत असतानाच वर तांबूस पालवी सुटते, करंजाचंही तेच. येऊरला कुसुंब या दिवसांत लालभडक दिसतो तीही फुलं नव्हेत, पालवीच. कुंडीतल्या झाडाचंही आतून हेच चाललेलं असतं. नवं पान कोवळं, पातळ, त्यावरचा मेणाचा थर अजून पुरता तयार झालेला नाही, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. अशा वेळी मुळं दुखावली तर वरचा खर्च आणि खालची आवक यांचा मेळ बसत नाही.

म्हणून हा धागा. काय करायचं यापेक्षा काय बघायचं यावर जास्त बोलूया. सकाळी पाणी घालण्याआधी झाडापुढे दहा मिनिटं नुसतं बसा. शेंड्याचं सगळ्यात नवं पान बघा: ताठ आहे, वळलंय की चिकट लागतंय? मग मधलं एक पान उलटं करा. कुंडीच्या कडेला माती सुटून फट पडली आहे का, खालच्या भोकातून मुळं डोकावतात का, खोडावर मुंग्या वर जातात का. एवढं बघून झालं की निम्मी कामं आपोआप रद्द होतात.

एक खूण पक्की लक्षात ठेवा. दुपारी मान टाकून संध्याकाळी सात वाजेपर्यंत परत ताठ होणारं झाड तहानलेलं नसतं. सकाळी सातला मान टाकलेली असेल तर मात्र बोट दोन इंच आत घालून बघायचं. कोरडं असेल तर पाणी. ओलं असूनही मान खाली असेल तर मुळं कुजत आहेत, पाणी बंद. दुपारची मरगळ बघून जादा पाणी ओतणं हे मार्च महिन्यात झाडं जाण्याचं पहिलं कारण आहे, ऊन नव्हे.

खाली आकडे देताना १० ते १२ इंची कुंडी धरली आहे.

सावली_हवी

छान विषय. घोडबंदर रोडला दक्षिणेची गॅलरी. डिसेंबर-जानेवारीत उन्हाने भरलेली असते, पण मार्चपासून ऊन कमी होत जातं आणि जास्वंद-गुलाबाच्या कळ्या थांबतात. लोक म्हणतात उन्हाळ्यात ऊन वाढतं. मग इथे उलटं का?

खाडीकाठ

ऊन वाढतं ते गच्चीवर, गॅलरीत नाही. सूर्य चढत जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो.

ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो, २१ मार्चला ७१ अंशांवर, एप्रिलच्या मध्याला ८० आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर, तोच शून्य सावलीचा दिवस. आता दक्षिणेची गॅलरी धरा. जमिनीपासून स्लॅब ९ फूट आणि स्लॅब कठड्यापर्यंत पुढे आलेला. डिसेंबरात ऊन आत ८ फुटांपर्यंत येतं, मार्चच्या २१ला ३ फूट, एप्रिलच्या मध्याला जेमतेम दीड फूट, मेच्या मध्याला शून्य. कठडा जाळीचा नसून ३ फुटी भिंतीचा असेल तर तिचीही सावली पडते, म्हणजे मार्चअखेर उन्हाचा पट्टा कठड्यापासून १ ते ३ फुटांतच उरतो.

यात दोन गोष्टी करता येतात. उन्हाची झाडं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पट्ट्यात पुढे घ्यायची आणि स्टँडवर दीड-दोन फूट उचलायची. नाहीतर बॉक्स ग्रिलमध्ये बाहेर काढायची, मात्र वजन बघून (त्यावर पुढे कोणीतरी लिहाच). पट्टा नेमका कुठे आहे हे बघायचं तर १२ वाजता नव्हे, पाऊण वाजता बघा. आपल्याकडे मार्चमध्ये खरी मध्यान्ह घड्याळात १२:४५च्या सुमारास होते.

उत्तरेच्या गॅलरीला याच्या उलट. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवू लागतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं आत येऊ लागतात. वर्षभर नुसती पानं देणारी झाडं तिथे एप्रिल-मेमध्ये फुलतात.

कुंडीवाला

पश्चिमेच्या गॅलरीचं राहिलं. तिथे १ ते ५ चं ऊन भिंतीवर आपटून परत येतं, फरशी तापते, काळी प्लास्टिकची कुंडी तापते आणि मुळं कुंडीच्या भिंतीलाच चिकटलेली असल्याने तिथेच भाजून निघतात. पानं करपली म्हणून वरून जाळी बांधतात, पण खरी गरज कुंडीला सावलीची असते. काळ्या कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा, किंवा ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भरा. जाळी बांधायचीच असेल तर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी, फक्त पश्चिम बाजूला, झाडाला टेकणार नाही अशी. मोगरा, बोगनवेल, जास्वंद, चाफा यांना जाळी नकोच. नेचे, अँथुरियम, मनीप्लांट, सिंगोनियम यांना हवी.

ऋतुगंध

मोगऱ्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? छाटणीची वेळ टळली आहे का? पानं भरपूर आहेत, कळी नाही.

मदनबाण_प्रेमी

लिहितो. नावावरून ओळखलं असेलच की या विषयावर थांबवणं कठीण जाईल.

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, जुन्या काडीवर नाही. एवढं कळलं की बाकीचं आपसूक कळतं. फुटवे जितके जास्त तितक्या कळ्या. छाटणीचा उत्तम काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतही चालते, फक्त पहिला बहर एप्रिलअखेरीवर जातो. त्यानंतर मोठी छाटणी करू नये, नुसते शेंडे खुडावेत.

आधी झाडाचं पाणी आठ दिवस कमी करायचं, पानं पिवळी पडेपर्यंत नव्हे, मऊ पडेपर्यंत. मग धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक मरतुकड्या काड्या बुडातून काढायच्या. उरलेल्या काड्या फूट-सव्वा फुटावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (फुटवा निघतो त्या जागेच्या) पाव इंच वर तिरप्या कापायच्या. डोळा आतल्या बाजूला असेल तर फुटवा आतच वाढतो आणि झाडाचा झाडू होतो. उरलेली पानं हाताने खुडून टाका. बघवत नाही, पण झाड त्यानेच जागं होतं.

मग वरची दीड-दोन इंच माती खुरप्याने अलगद उकरा, मुळांना धक्का नको. तीन मुठी जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड, एक टेबलस्पून हाडांचा चुरा मिसळा आणि भरपूर पाणी द्या. दोनेक आठवड्यांत फुटवे, पाच-सहा आठवड्यांत कळ्या. फुटवा ४-५ पानांचा झाला की शेंडा एकदाच खुडा, एकाचे दोन होतात. पुन्हा पुन्हा खुडत बसलात तर बहर पुढे पुढेच जातो. आणि प्रत्येक बहर ओसरल्यावर फुलांच्या खालची पानांची एक जोडी धरून काडी कापा, तर दुसरा बहर येतो.

'पानं भरपूर, कळी नाही' याची कारणं क्रमाने: ऊन ५ तासांपेक्षा कमी, नत्र जास्त (युरिया, किंवा दर आठवड्याला घातलेलं शेंगदाणा पेंडेचं पाणी), छाटणी नाही. लांबच लांब वेलीसारखे फुटवे निघत असतील तर ऊन कमी आहे हे नक्की. ते फुटवे कापून काही होत नाही, कुंडी हलवा.

ऋतुगंध

फारच उपयोगी, वाचनखूण साठवली. कळ्या आल्या तर त्यातल्या काही गुलाबी-जांभळट होऊन गळतात. तेही पाण्याचं का?

मदनबाण_प्रेमी

नाही, ती किडीची खूण आहे आणि दोन किडी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

कळी उचलून बुडाशी बघा. भोक नसून देठाजवळ जराशी फुगलेली आणि जांभळट रंगाची असेल तर ती कळीमाशी. डासासारखी बारीक माशी कळीत अंडी घालते. कळी नखाने उभी चिरली तर आत एक-दोन मिलिमीटरच्या पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसतात. या अळ्या खाली मातीत उतरून कोष करतात. म्हणून नुसती फवारणी करून भागत नाही: गळलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून टाकायच्या आणि वरची इंचभर माती आठवड्यातून एकदा हलवून उन्हात वाळू द्यायची.

कळीला गोल भोक, बाहेर काळसर विष्ठेचे कण, दोन-तीन कळ्या धाग्याने जोडलेल्या, तर ती कळी पोखरणारी हिरवट अळी. ती संध्याकाळी हाताने काढणं हाच घरगुती बागेतला सगळ्यात खात्रीचा उपाय. निंबोळी तेल अंडी घालणं कमी करण्यासाठी, कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या असतानाच सुरू करायचं. कळी फुगल्यावर आतल्या अळीला बाहेरच्या तेलाशी काही देणंघेणं नसतं.

एरंडाचं_गुऱ्हाळ

+१. निंबोळी तेलाचं प्रमाण लिहा ना कोणी, दर वेळी वेगळं ऐकू येतं.

सानपाडा_बाग

१ लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली भांड्यांचा लिक्विड साबण, नीट ढवळल्यावर ५ मिली निंबोळी तेल, मग पुन्हा ढवळणं. क्रम महत्त्वाचा. तेल आधी घातलं तर वर तरंगतं आणि पहिली निम्मी फवारणी नुसतं पाणी, शेवटची निम्मी नुसतं तेल. पानं करपण्याचं कारण बहुधा हेच. सूर्य मावळताना फवारायचं, पानाच्या खालच्या बाजूला. तयार केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. ७ दिवसांच्या अंतराने ३ वेळा. आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघणं चांगलं. नेचा, तुळशीचे कोवळे शेंडे आणि नुकतीच माती बदललेली झाडं यांच्यावर अर्धंच प्रमाण.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर (मिलीबग) नुसत्या निंबोळी तेलाने फरक पडत नाही अशी तक्रार असते, कारण त्याच्या अंगावर मेणाचा कापूस असतो. त्यावरून मिश्रण ओघळून जातं. म्हणून आधी फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा (कंपोस्टमध्ये नाही). मग नळीने पाण्याचा जोरदार झोत पानाच्या बेचक्यांत मारा. उरलेल्यांवर १ लिटरला ५ मिली साबणाचं पाणी, अर्ध्या तासाने साधं पाणी. निंबोळी तेल दुसऱ्या दिवशी. अंडी कापसाच्या आत सुरक्षित असतात, त्यामुळे आठवड्याने पुन्हा पिल्लं दिसणारच. 'उपाय चालला नाही' म्हणून बरेच जण इथेच सोडतात. तीन फेऱ्या पुऱ्या करा.

आणि मुंग्या! पिठ्या गोड चिकट द्रव सोडतो, मुंग्या तो खातात, त्या बदल्यात त्याला राखतात. खोडावरून मुंग्यांची रांग चालू असेपर्यंत सगळी मेहनत पाण्यात. स्टँडच्या पायांना दोन इंच रुंदीचा पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावा आणि झाडाची एकही फांदी भिंतीला किंवा ग्रिलला टेकू देऊ नका, नाहीतर त्या वरून येतात.

पानजाळी

सानपाडा_बाग यांच्या प्रतिसादात एक भर. पिठ्यांच्या गर्दीत तसाच पांढरा, पण आकाराने मोठा, लांब झिपऱ्या असलेला आणि भराभर चालणारा किडा दिसला तर तो मारू नका. ती लेडीबर्डच्या एका जातीची अळी असते आणि ती पिठ्यांनाच खाते. ओळखायची सोपी खूण म्हणजे काडीने हलकेच टोचायचं. पिठ्या जागचा हलत नाही किंवा कष्टाने सरकतो, ही अळी तुरुतुरु पळते. ती दिसली की त्या झाडावर फवारणी थांबवायची.

पानांच्या वळण्यावरूनही बरंच कळतं. मिरचीची पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे (थ्रिप्स), खालच्या बाजूला वळून लांबुळकी झाली तर कोळी (माइट, डोळ्याला जेमतेम दिसणारा; घरातला कोळी नव्हे). पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली धुळीसारखं जाळं असेल तर लाल कोळी, तो कोरड्या उष्ण हवेत फोफावतो. त्याला कीटकनाशकाआधी पाणी वापरून बघा: रोज सकाळी पानांच्या खालून फवारा, आठवडाभर. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीला आणि माव्याला पिवळे.

सीवूड्स_गच्ची

पाण्याबद्दल. 'उन्हाळ्यात दोन वेळा पाणी' असा सरसकट सल्ला दिला जातो, तो आपल्या हवेला जसाच्या तसा लागू नाही. मार्चमध्ये इथे दोन तऱ्हेचे दिवस असतात. एरवी दुपारी खाडी-समुद्राकडून वारा सुटतो, हवा दमट, माती हळू सुकते, एक वेळ पाणी पुरतं. पण मध्येच काही दिवस पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा येतो, समुद्रवारा उशिरा पोचतो आणि पारा ३८-४०पर्यंत चढतो. या दिवसांत सकाळी आणि सूर्यास्तानंतर असं दोनदा. फरक ओळखायला हवामान खात्याचा अंदाज नको. सकाळी वाळत घातलेला टॉवेल दहाच्या आत कडक झाला तर तो दुसऱ्या तऱ्हेचा दिवस.

दहाव्या मजल्याच्या वर वारा हीच मोठी अडचण आहे, ऊन त्या मानाने कमी. तिथे कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा आणि मातीवर दोन इंच पाचोळा पसरा, खोडापासून इंचभर लांब. करंज किंवा कडुनिंबाची वाळकी पानं उत्तम, आंब्याची जाड पानं चुरून घ्यावी लागतात.

कोकोपीटवाल्यांसाठी खास सूचना. कोकोपीट एकदा पूर्ण कोरडं पडलं की पाणी झिडकारतं. वरून मगभर ओतलं की कडेच्या फटीतून पंधरा सेकंदांत सगळं ताटलीत उतरतं, आपल्याला वाटतं कुंडी भिजली, आतला गोळा मात्र ठणठणीत. कुंडी उचलून बघा, हलकी लागली तर हेच झालंय. बादलीत कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घेऊन ती अर्धा तास बसवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. विटेसारखं दाबलेलं कोकोपीट पहिल्यांदा वापरताना दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. ५ किलोचा ठोकळा भिजून ६०-७० लिटर होतो, तेव्हा तो बेसिनमध्ये भिजवायला घेऊ नका.

सावली_हवी

टँकरचं पाणी चालतं का? सोसायटीत मार्चपासून निम्मं पाणी टँकरचंच असतं.

सीवूड्स_गच्ची

नळाचं पाणी धरणाचं असतं, त्यात क्षार कमी. टँकरचं पाणी पुष्कळदा बोअरचं असतं. कुंडीच्या बाहेर आणि मातीवर पांढरी पापडी, पानांची टोकं तपकिरी, अनंत-जास्वंदीची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: हे सगळं क्षाराचं लक्षण. महिन्यातून एकदा नळाच्या पाण्याने माती धुवा, म्हणजे १० लिटरच्या कुंडीतून १५-२० लिटर पाणी सावकाश वाहू द्या आणि ताटलीतलं फेकून द्या. नवी पानं तरीही पिवळीच आली तर चिलेटेड लोह १ लिटरला अर्धा ग्रॅम, पानांवर, संध्याकाळी, पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा. एसीचं पाणी क्षारमुक्त असतं, अनंताला चालतं, फक्त रोज तेवढंच देऊ नका.

एरंडाचं_गुऱ्हाळ

आता घरगुती खतांवर बोलूया का? अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, केळीची सालं. समाजमाध्यमांवर रोज एक 'जादुई टॉनिक' येतं.

कुंडीवाला

टरफलं: पूड केली तरी विरघळायला महिने लागतात, मोठे तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात. शोभेपुरती ठीक. चहाचा चोथा: दूध-साखर धुऊन, वाळवून, कंपोस्टमध्ये. थेट कुंडीत घातला तर बुरशी आणि चिलटं. केळीची सालं पाण्यात भिजवून ते पाणी घालणं म्हणजे चिलटांना आमंत्रण, ती कंपोस्टच्या डब्यातच बरी. तांदळाचं धुणं ताजं असेल तर अपाय नाही, उपायही नाही. आंबट ताक कढीपत्त्याला घालतात, १ भाग ताक १० भाग पाणी, महिन्यातून एकदा, चालेल. पण कढीपत्ता फुटत नसेल तर त्याची कुंडी ८ इंची असते हे खरं कारण. त्याला १४ इंची द्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंडा कापा, फुलांचे झुबके दिसताच काढा.

एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) सगळ्याला घालू नका. जुन्या पानांवर शिरांच्या मधला भाग पिवळा पडला तरच.

सानपाडा_बाग

तांदळाच्या धुण्याबद्दल किंचित असहमत. आंबवलेलं पाणी पातळ करून दिलं तर मातीत जिवाणूंची हालचाल वाढते. पण मार्च-एप्रिलमध्ये कुंडीत चिलटं वाढतात हे मान्य, तेव्हा पावसाळा संपेपर्यंत नकोच.

पानजाळी

कढीपत्ता, लिंबू यांच्या पानांवर या दिवसांत पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी अळी दिसते. मोठी झाली की हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून तांबडी-नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे ती. दोन-तीन अळ्या मोठ्या झाडाचं काही बिघडवत नाहीत. रोप फूटभराचं असेल तर मात्र एक अळी ते चार दिवसांत बोडकं करते. अशा वेळी अळी पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

आणि मार्च ते जून छाटणीआधी झाडात घरटं आहे का ते बघा. बुलबुलाचं वाटीसारखं घरटं दाट बोगनवेलीत हमखास असतं. शिंप्याचं तर दोन पानं शिवून केलेलं, पुढ्यात असून दिसत नाही. पाण्याचं भांडं पसरट मातीचं, दीड-दोन इंच खोल, रोज पाणी बदलून.

खाडीकाठ

बोगनवेलीचा विषय निघालाच आहे तर: तिच्यावर या महिन्यात प्रेम कमी करायचं. पाणी तोडा, पानं लोंबली की एकदा भरपूर द्या, पुन्हा तोडा. दोन-तीन आवर्तनांत रंग येतो. रंगीत पाकळ्या वाटतात ती पानंच असतात, खरं फूल त्यांच्या मध्ये, पांढरट, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं. मुळांनी कुंडी भरलेली असली तरी बदलू नका, तंग कुंडीत ती जास्त फुलते.

हिवाळी फुलझाडांचा निरोप घ्या. पिटुनिया, डेलिया ओढूनताणून एप्रिलपर्यंत नेण्यात अर्थ नाही. शेवंती मात्र फेकू नका. फुलोरा संपला की ४-५ इंचांवर कापा, बुडाशी फुटणारी पिल्लं सांभाळा, सावलीत ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर वेगळी करा. रिकाम्या कुंड्यांत ऑफिस टाइमच्या (पोर्तुलाका) दोन-तीन इंची काड्या खोचा, तासभर सावलीत सुकवून मग. किंवा झिनियाचं बी पाव इंच खोल पेरा. निशिगंधाचे कंद दोन इंच खोल. फुटबॉल लिलीची कुंडी रिकामी दिसते म्हणून माती उपसू नका, कंद खाली झोपलेला आहे, मे महिन्यात फुलेल.

माती बदलायची असेल तर मार्चच्या मध्यापर्यंत, नाहीतर सरळ जूनमध्ये दोन-चार पाऊस पडून गेल्यावर.

बेलापूर_सेक्टर

वजनाचं राहिलं होतं. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती बसते. लाल मातीची भिजलेली कुंडी २० किलोच्या पुढे जाते. बॉक्स ग्रिलमध्ये अशा पाच म्हणजे एक माणूस कायमचा टांगून ठेवल्यासारखं. ग्रिलसाठी माती २ भाग, कोकोपीट ४, गांडूळखत ३, जाड वाळू किंवा परलाइट १, आणि ८ इंचांच्या वरची कुंडी नको. ग्रिलचे खिळे-स्क्रू भिंतीत जिथे शिरतात तिथे गंज दिसत असेल तर आधी कुंड्या आत घ्या, मग मिस्त्री बोलवा. खाडीकडच्या हवेत लोखंड पावसाळ्याची वाट बघत नाही.

खालच्या मजल्याशी भांडण टाळायचं तर ताटली कुंडीपेक्षा दोन इंच रुंद, आणि कुंडी ताटलीत थेट न ठेवता विटेच्या तुकड्यांवर. ताटलीतलं पाणी आठवड्यातून दोनदा ओता. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण ८-१० दिवस पुरतात, आणि तो फक्त पावसाळ्यात येतो हा गैरसमज आहे.

ऋतुगंध

शेवटचा प्रश्न. मे महिन्यात दहा दिवस गावी जायचं असतं तेव्हा काय करता? शेजाऱ्यांना किल्ली देणं दर वेळी जमत नाही. बाटली उलटी खोचण्याचा उपाय चालतो का?

सीवूड्स_गच्ची

उलटी बाटली भुसभुशीत मातीत काही तासांत रिकामी होते, चिकट मातीत तुंबून बसते. भरवशाची नाही.

वातीची पद्धत वापरा. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या भिजवून घ्या, फुलं आणि फुगलेल्या कळ्या खुडा, कुंड्या गॅलरीच्या सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात खेटून ठेवा. मध्ये झाकणाचा २० लिटरचा डबा. बोटाएवढी जाड सुती दोरी आधी पाण्यात पूर्ण भिजवा, एक टोक डब्याच्या तळाशी दगड बांधून, दुसरं कुंडीत तीन इंच खोल पुरून. झाकणाला दोरीपुरतंच भोक, म्हणजे डास आत शिरत नाहीत. डब्यातली पाण्याची पातळी कुंडीतल्या मातीच्या थोडी खालीच असावी. वर ठेवलात तर दोरी नळासारखी वाहते आणि सकाळी फरशीवर तळं. पातळी फुटापेक्षा जास्त खाली गेली तर दोरी पाणी चढवत नाही, म्हणून उंच-अरुंद डब्याऐवजी पसरट टब बरा. दोरीचा मधला भाग उघडा राहिला तर वाऱ्याने वाटेतच सुकतो, त्यावर प्लास्टिकची जुनी नळी चढवा.

अशा एका टबावर ८-१० इंची तीन-चार कुंड्या निघतात. बोगनवेल, कोरफड, चाफा यांना वात लावू नका, एकदा भिजवून सोडा. आणि हे सगळं घरी असतानाच दोन दिवस लावून बघा, म्हणजे कुठली दोरी कोरडी पडते ते कळेल.